गिरणीच्या भिंतीवरचा नकाशा

काकूची टिकली मी काढली. उजव्या अंगठ्याच्या नखाने, भर दुपारी, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून घेऊन. आमच्या घरात पुढे इतकी वर्षे असे मानले गेले की उन्हाने तिचा गोंद सुटला आणि ती गळून पडली. काका हेच मानून गेले. काकूही हेच मानत आली, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात तिने स्वतःचा दोष पाहिला. मी तिच्या हातची भाकरी खात होतो, तिने भरलेल्या पाण्याने अंघोळ करत होतो, आणि गप्प होतो. एवढ्याशा टिकलीचे एवढे काय, असे वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून ती कुठे लावलेली होती ते आधी सांगायला हवे.

गावाकडची आमची विहीर आटली तेव्हा वडिलांनी मला शिकायला काकांकडे औरंगाबादला धाडले. आज शहराचे नाव बदलले आहे. पण त्या दिवसांबद्दल लिहिताना माझ्या हातून जुनेच नाव उमटते. गारखेड्याच्या पलीकडे तेव्हा शेतांचे गुंठे पाडून विकले जात होते आणि त्या तुकड्यांवर पत्र्याची घरे उभी राहत होती. काकांचे घर त्यांपैकीच एक, दोन खोल्यांचे. काका चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीने जात. पहाटे त्यांच्या सायकलच्या चेनचा कर्रकर्र आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई, आणि तो विरला की लगेच काकूच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू होई. दुष्काळाचे ते लागोपाठचे दुसरे वर्ष होते. भाजी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली होती. काकू हुलग्याचे माडगे करी, सांडग्यांची आमटी करी, आणि काहीच नसले तर शेंगदाण्याची चटणी इतकी बारीक कुटी की तेल सुटून ती कालवणासारखी भाकरीला लागे. टँकरचा हॉर्न वाजला की साऱ्या गल्लीत हंडे एकमेकांवर आपटत. तो आवाज आजही स्वप्नात आला तर मी उठून बसतो. हात रिकामे असतात.

काकूचे एक मूल गेले होते एवढे मला माहीत होते. गावाहून निघताना आईने बजावले होते, "तिच्याम्होरं लेकराचा विषय काढायचा नाय. आपुन व्हऊनच काढायचा नाय." मी कधी काढला नाही. घरात पाळणा नव्हता, बाळाचे कपडे नव्हते, फोटो नव्हता. माझ्या अठरा वर्षांच्या मनाला ते पुरेसे होते: जे दिसत नाही ते नाही.

शेजारच्या खोलीत नाईक सर भाड्याने राहत. सरकारी कचेरीत ते आरेखक होते. दिवसभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढत, आणि संध्याकाळी आमच्या गल्लीकडे पाहून अस्वस्थ होत. ही वसाहत कोणत्याही नकाशात नव्हती. इथे गटार कुठून जाणार, मुले कुठे खेळणार, पावसाचे पाणी कुठे मुरणार, याचा विचार कुणी केलेला नव्हता. सर म्हणत, "सरकार करील तेव्हा करील. आपला नकाशा आपण करू. पण एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून." कचेरीतल्या रद्दी झालेल्या नकाशांच्या कोऱ्या पाठी त्यांनी खळीने जोडल्या. त्या कागदांना छपाईतल्या अमोनियाचा उग्र वास येई. तो भलामोठा कागद फळीवर ताणून त्यांनी रहीमचाचांच्या पिठाच्या गिरणीच्या ओसरीत भिंतीला लावला, कारण गल्लीतले प्रत्येक घर आठवड्यातून एकदा तरी तिथे डबा घेऊन उभे राहत असे. मी फीत धरून सरांबरोबर गल्ली मोजली, घरे काढली, नाला काढला. त्या कामात मला जितका आनंद झाला तितका पुढे कोणत्याही पगारी कामात झाला नाही.

नियम साधे होते आणि सरांनी ते सर्वांना तोंडी सांगितले होते. जे आहे ते काळ्या शाईत. जे हवे ते हिरव्या पेन्सिलीने. आणि जिथे काही करू नये असे कुणाला वाटते, तिथे तांबडी खूण. "तांबड्या खुणेजवळ कुणी हिरवं काढायचं नाही," सर म्हणाले, "जोवर खूण करणाऱ्याशी बोलणं होत नाही. आणि कुणाचीही खूण दुसऱ्याने पुसायची नाही. हा नकाशा कुणा एकाचा नाही." पेन्सिली सुतळीने फळीला बांधल्या. पहिले काही दिवस कुणी हात लावला नाही. मग एका बाईने आपल्या दारापासून नळापर्यंत सरळ हिरवा रस्ता ओढला, तो तीन घरांच्या मधून गेला. कुणीतरी टॉकीज काढली. एका दाराशी अक्षरे उमटली, "इथं कुत्रं चावतं." एका पोराने नाल्यापलीकडे लाटांसकट समुद्र काढला. रहीमचाचा जात्यातून पीठ झाडत ओरडले, "अरे पीने को पानी नै, और ये समंदर बना रहा! थोडा मेरे माठ में बी डाल रे बाबा!" बायका इतक्या हसल्या की दळण मागे राहिले. महिनाभरात तो कागद पिठाने, बोटांच्या ठशांनी आणि इच्छांनी भरून गेला. आज मी मोठमोठ्या सभागृहांत शहरांच्या भवितव्याची सादरीकरणे ऐकतो, तेव्हा त्या ओसरीची आठवण येते. तिथे इच्छा मांडायला कुणी संकोचत नव्हते.

नकाशात एक जागा मात्र माझी होती. म्हणजे माझी नव्हती. पण मी ती तशी मानू लागलो होतो. नाल्याच्या काठी, बाभळीजवळ, एक मोकळा पट्टा होता. तो कुणी अजून विकला नव्हता, पण विकला जाणार हे दिसत होते. तिथे पावसाचे पाणी मुरवायचा मोठा खड्डा खणावा, त्याला उतरत्या पायऱ्या असाव्यात, भोवती कडुनिंब आणि बसायला कट्टा असावा, असे मी हिरव्या पेन्सिलीने काढले. सरांनी चष्मा वर सरकवून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "मुरलीधर, तुला डोळा आहे." गावात मला तोवर मुरल्या म्हणत. पूर्ण नावाने आणि कौतुकाने मला कुणी प्रथमच हाक मारली होती. गल्लीनेही ती कल्पना उचलून धरली. एका रविवारी श्रमदान करून खणायला सुरुवात करायची असे ठरले, म्हणजे निदान त्या पट्ट्यावर कुणी घर तरी बांधणार नाही.

त्याच्या आधीच्या एका दुपारी वीज गेली होती आणि गिरणी बंद होती. चाचा आत पोत्यावर आडवे झाले होते. मी फिकट झालेल्या रेषा शाईने गिरवत होतो. काकू ज्वारीचा डबा घेऊन आली, डबा खाली ठेवला आणि प्रथमच त्या कागदासमोर उभी राहिली.

"आपलं घर कुठाय रे यात?"

मी दाखवले. तिने त्यावर बोट ठेवले आणि बोट न उचलता ती गल्लीतून निघाली. वळणावर वळली, नळापाशी थांबली, नाल्याच्या काठाने गेली.

"ही बाभळ का?"

"हो. तुला बरोबर कळतंय की गं."

"अन् ही पांढरी जागा." तिचे बोट माझ्या पायऱ्यांवर थांबले. मी पेन्सिल पुढे केली. ती म्हणाली, "माझ्या हाताला पेन्सिल वळत नाय." मग तिने कपाळावरची तांबडी टिकली काढली आणि त्या जागी दाबून बसवली. अंगठ्याने दाबत राहिली. "हितं काई नगं. बाकी कुठंबी करा."

"का गं काकू?"

"असंच." ती डबा उचलून निघाली, दळण न घेता. पायरीवरून मागे वळून म्हणाली, "ऱ्हाईल ना ती?"

"राहील," मी म्हणालो.

पुढच्या काही क्षणांत मी जे केले त्याची कारणे मी आयुष्यभर तपासत आलो आहे. खड्डा पुढे ढकलला जाईल, ही भीती होती. सर विचारतील, काकू "असंच" म्हणेल, लोक हसतील, याचीही होती. टिकली ही काही खूण नव्हे, शाई कुठे आहे, पेन्सिल कुठे आहे, असा वकिली विचारही मी केला. पण नियम तांबड्या खुणेचा होता आणि काकूने तो अक्षरशः पाळला होता. खरे कारण एवढेच की कागदावर माझ्या हातचे काहीतरी सुंदर झाले होते आणि ते मला तसेच राहायला हवे होते. मी नखाने टिकली उचकटली, बोटांत चुरगळली आणि ओसरीतल्या पिठात टाकली. शनिवारी संध्याकाळी सरांनी सर्वांसमोर मला विचारले, "या पट्ट्यावर तांबडं काही आहे?" काकू तेव्हा टँकरच्या रांगेत होती. मी म्हणालो, "नाही, सर." त्या संध्याकाळी जेवताना काकूने माझ्या ताटात स्वतःच्या वाटचाही गूळ ठेवला. तिच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी निवांतपणा होता. तिला वाटत होते, तिने एक गोष्ट सुरक्षित केली आहे.

रविवारी सकाळी कुदळी, फावडी, घमेली घेऊन गल्ली जमली. काकांची त्या दिवशीही पहिली पाळी होती. काका नकाशाकडे कधी फिरकलेच नव्हते. "तुमचा कागदाचा खेळ तुमच्यापाशी," म्हणत. चाचा लुंगी खोचून आले होते आणि प्रत्येकाला चिडवत होते, "ऐसा मारते क्या कुदाल? जमीन को गुदगुली हो री उसको!" पहिली कुदळ मला मारायला दिली. आमच्याकडे सगळीकडे तांबडा मुरूम. तेवढ्या पट्ट्यातच पांढरी, चुनखडीसारखी भुसभुशीत माती होती, त्यामुळे काम भराभर चालले. आम्ही फार खोल गेलोही नव्हतो. माझ्या कुदळीला काहीतरी अडकले. मुळी असेल म्हणून मी ओढले. मुळी नव्हती, कापड होते. मळकट, कुजलेले, पण त्याच्या काठाला घातलेली दोऱ्याची नागमोडी शिवण अजून दिसत होती. दुपट्याचा कोपरा. मी पुन्हा ओढले आणि त्याबरोबर एक मनगटी वर आली. काळ्या-पांढऱ्या मण्यांची, नजर लागू नये म्हणून तान्ह्या बाळाच्या हातात बांधतात ती, माझ्या अंगठ्याभोवतीही बसणार नाही एवढी. आणखी काय दिसले ते मी लिहिणार नाही.

माझे हात थांबले, पण मला ते कळले नाही. कुदळीचा आवाज माझ्या डोक्यात चालूच होता. सगळ्यांत आधी चाचांना उमगले. ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "रुक जा बेटा. हाथ नक्को लगा. किसी का बच्चा है." आमच्यात तान्ही मुले जाळत नाहीत, पुरतात. पुरुषच नेतात, वर दगडसुद्धा ठेवत नाहीत, आणि आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर तिचा जीव तिथे घुटमळतो म्हणतात. हे सारे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा, असे मी शाईत लिहून टाकले होते.

तेवढ्यात काकू खणणाऱ्यांसाठी चहाची किटली घेऊन आली. खड्डा दुसरीकडे हलवला असणार, अशा समजुतीने ती नळाच्या बाजूने शोधत आली होती. तिने माणसांचे कोंडाळे पाहिले, माझ्या हातातली मनगटी पाहिली. किटली तिने पाडली नाही. सपाट जागा बघून सावकाश खाली ठेवली, झाकण नीट बसवले, आणि मग ती खाली बसली. "ह्ये म्या ओवलंय," ती म्हणाली. एवढेच. रडली नाही. तिने पदर पसरला आणि मी ती मनगटी त्यात टाकली. माझ्या बोटांना माती होती. तीही तिने पदरात झाडून घेतली.

काकू तिथून उठेना, म्हणून कुणीच घरी गेले नाही. दुपारी पाळी संपवून काका त्याच वाटेने आले. त्यांनी सायकल तशीच सोडून दिली आणि ते खड्ड्यात उतरले. दुपटे दोन्ही हातांनी झाकून तसेच बसले. थोड्या वेळाने वर बघून त्यांनी काकूला विचारले, "तुला कुणी सांगितली जागा?"

"कुणी नाय. त्या दिशी तुमच्या चपलीला पांढरी माती व्हती. पांढरी माती हितंच हाये."

"एवढं ठाव व्हतं तर तोंड का नाय उघडलं? गाव खणतंय अन् तू च्या घिऊन येतीस?"

"लावली व्हती की खूण. तांबडी." ती माझ्याकडे वळली. "मुरली, तू व्हतास ना? टिकली लावली व्हती ना म्या?"

सर गिरणीकडे धावत गेले आणि परत आले. म्हणाले, "वहिनी, तिथे काही नाही." सगळे माझ्याकडे पाहत होते. काकूच्या नजरेत आरोप नव्हता. तिला साक्षीदार हवा होता. आणि मी म्हणालो, "लावली होतीस. पडली असेल. ऊन फार आहे ना." किती सहज म्हणालो! काकूने तेवढाच धागा पकडला. "व्हय. गोंद सुटला आसंल. माझंच चुकलं. पेन्सिल घ्याया पायजे व्हती." सर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना कळले होते असे मला वाटते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळी उतरवली आणि पावसाळ्याआधी बदली मागून घेतली. मला त्यांनी पुन्हा पूर्ण नावाने हाक मारली नाही.

काकांनी ते गाठोडे एसटीने गावाला नेऊन आमच्या शेताच्या बांधाशी पुन्हा पुरले. खड्डा बुजवला. मग त्या पट्ट्याचे नाव काढायचे धाडस कुणालाच झाले नाही आणि वर्षभरात तो विकला गेला. आज तिथे तीन मजली इमारत आहे. गल्लीत म्हाताऱ्यांना बसायला कट्टा नाही, मुलांना खेळायला जागा नाही, आणि पाऊस पडला की पाणी घरांत शिरते. तांबडी खूण राहिली असती तर आम्ही काकूशी बोललो असतो, खड्डा थोडा बाजूला सरकवला असता, आणि दोन्ही गोष्टी वाचल्या असत्या. सरांना त्या खुणेतून हेच हवे होते. काकांनी काकूला कधी मारले नाही, पण कुठल्याही वादाच्या शेवटी ते म्हणत, "तुझ्या भरवशावर काय ठेवावं!" तिने टिकली लावणे सोडले. कुंकू लावू लागली. ते पडत नाही म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात माझी मुलगी अनघा आणि तिचे मित्र गारखेड्याचा नकाशा करत होते. आता तो फोनवर होतो आणि कुणालाही त्यात भर घालता येते: सावली कुठे आहे, पाणपोई कुठे, पदपथ कुठे तुटतो, बाक कुठे हवा. मी कौतुकाने पाहत होतो. मी विचारले, "आणि कुणी दुसऱ्याचं पुसलं तर?" ती सहज म्हणाली, "पुसता येतं, बाबा. पण कुणी पुसलं ते राहतं. आधी काय होतं तेही राहतं." ती पुढे म्हणाली, "काकूआजीकडे पण गेलो होतो. म्हटलं, बाक कुठे हवा तेवढं बोटानं दाखव. बोट लावेना. म्हणाली, मला नकाशातलं कळत नाय माय, एकदा खूण केली तर चुकली."

मी त्याच दुपारी गेलो. काकू दारात बसून शेंगा फोडत होती. आता तिथे पत्र्याऐवजी स्लॅब आहे. दार मात्र पूर्वीसारखे गल्लीतच उघडते. मी तिच्यासमोर बसलो आणि सारे सांगितले, नेहमीच्या माझ्या आवाजात, मान खाली घालून. सांगून झाल्यावर वर पाहिले तर ती कानामागे हात धरून माझ्या ओठांकडे बघत होती.

"काय पुटपुटतूस? मला काई ऐकू येत नाय आता. मोठ्यानं बोल."

समोरच्या ओट्यावर बायका होत्या. इमारतीच्या गॅलरीत कुणी कपडे वाळत घालत होते. भाजीवाला गाडा थांबवून वजन करत होता. मी उभा राहिलो, आणि त्या गल्लीत जितक्या मोठ्याने मी कधीच बोललो नव्हतो तितक्या मोठ्याने म्हणालो, "काकू, तू खूण बरोबर जागी केली होतीस. ती पडली नाही. मी नखानं काढली, आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तुझ्या लेकराच्या अंगावर कुदळ मी घातली. मला माफ कर."